निर्जंतुक करण्याआधी धुवायचे कशाने?

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया होते. दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी जातो, टाके निघतात, जखम छान भरते. घरातले सगळे ते दुखणे विसरूनही जातात. मग महिना-दीड महिन्याने बेंबीजवळच्या बोटभर व्रणाखाली एक गाठ हाताला लागते. ती लालसर होते, फुटते, तिच्यातून पातळ पाणी झिरपू लागते. नेहमीच्या प्रतिजैविकांचा एक कोर्स होतो, दुसरा होतो, पण फरक पडत नाही. स्राव तपासायला पाठवला तर अहवाल येतो, ‘जंतूंची वाढ नाही’. जखम चार दिवस सुकते आणि पुन्हा वाहू लागते. अखेर कोणीतरी खास तपासणी करायला सांगते आणि क्षयरोगाच्या जंतूचा एक चुलतभाऊ सापडतो.

मायकोबॅक्टेरियम फॉर्चुइटम, किलोनी, ॲब्सेसस अशी या भाऊबंदांची नावे आहेत. ते माणसाकडून माणसाला सहसा होत नाहीत. त्यांचे घर मातीत आणि पाण्यात, अगदी नळाच्या पाण्यातही असते. आजार बरा होतो, पण त्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात. काहींना तो भाग पुन्हा कापून काढावा लागतो. तासाभराच्या शस्त्रक्रियेचे दुखणे वर्षभर पुरते. भारतातील शल्यचिकित्सकांना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे आणि वैद्यकीय नियतकालिकांत त्याचे अनुभव वारंवार नोंदवले गेले आहेत.

हे जंतू पोटात जातात कसे? बहुतेक वेळा उत्तर एकच निघते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची लांब, नळीसारखी उपकरणे पूर्ण उघडून, आतून ब्रश फिरवून धुतली गेलेली नसतात. वरवर पाणी मारून ती निर्जंतुक करणाऱ्या रसायनात बुडवली जातात आणि नंतर साध्या पाण्यात खंगाळली जातात. सांध्यात, फटीत, नळीत रक्ताचा आणि चरबीचा थर तसाच राहतो. त्या थराच्या आडोशाला जंतू सुखरूप असतात.

ब्राझीलने याची मोठी किंमत मोजली. रिओ दी जानेरो राज्यात ऑगस्ट २००६ ते जुलै २००७ या काळात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर अशा संसर्गाचे १,०५१ संशयित रुग्ण आढळले. ते ६३ रुग्णालयांतले होते. तिथे सापडलेला जंतू दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडला, म्हणजे उपकरणे बुडवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या रसायनालाही दाद देत नव्हता. २००९ मध्ये ब्राझीलने अशा शस्त्रक्रियांची उपकरणे केवळ द्रावणात बुडवून निर्जंतुक करण्यावर बंदी घातली.

वाफेलाही वाट हवी

उपकरणे निर्जंतुक करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे ऑटोक्लेव्ह, दाबाखालच्या वाफेचे यंत्र. पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स चेंबरलँड यांनी ते १८७९ मध्ये तयार केले. १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे वाफ मिळाली, तर चिवट बीजाणूसुद्धा मरतात. तत्त्व घरच्या प्रेशर कुकरचेच आहे.

मात्र यात एक अट आहे. वाफेचा त्या पृष्ठभागाला प्रत्यक्ष स्पर्श झाला पाहिजे. वाळलेले रक्त, चरबी, क्षारांचे स्फटिक यांच्या आड बसलेल्या जंतूपर्यंत वाफ नीट पोहोचत नाही. उष्णता सोसू न शकणाऱ्या उपकरणांसाठी वायू किंवा रसायने वापरतात, त्यांची तर गत आणखी वाईट होते. उलट, नुसते नीट धुतले तरी उपकरणावरच्या दर हजार जंतूंपैकी ९९९ किंवा त्याहूनही जास्त निघून जातात. ऑटोक्लेव्हला उरलेल्यांचाच समाचार घ्यायचा असतो.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मेलेला जंतूही पूर्णपणे निरुपद्रवी नसतो. काही जंतूंच्या आवरणातील विषारी द्रव्ये ऑटोक्लेव्हच्या उष्णतेतही टिकतात. शिजून घट्ट झालेला रक्ताचा कण निर्जंतुक असला, तरी पुढच्या रुग्णाच्या शरीरासाठी तो परकाच असतो. म्हणून या क्षेत्रात एक सूत्र रूढ आहे: निर्जंतुक न करता स्वच्छता होऊ शकते, पण स्वच्छता न करता निर्जंतुकीकरण होऊ शकत नाही.

मग प्रश्न येतो, धुवायचे कशाने? आपल्याकडे हा प्रश्न सहसा डॉक्टरांपर्यंत जातच नाही. तो भांडारपालाच्या मागणीपत्रात कुठेतरी झाडू, फिनेल आणि बादल्यांच्या ओळीत सुटतो. खरे म्हणजे कोणते प्रतिजैविक द्यायचे हे ठरवण्याइतकाच तो वैद्यकीय निर्णय आहे.

आधी डाग ओळखा

अंडी फोडलेल्या वाटीवर एकदम कढत पाणी ओतले की अंडे वाटीला चिकटून बसते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. रक्ताचेही तसेच आहे. साधारण ४५ अंशांच्या पुढच्या पाण्यात रक्तातील प्रथिने गोठून धातूला चिकटू लागतात. त्यामुळे पहिले खंगाळणे नेहमी गार पाण्याचे हवे. स्पिरिट, फॉर्मॅलिन आणि ग्लुटारल्डिहाइड ही रसायनेही प्रथिनांना घट्ट करतात. न धुतलेले उपकरण त्यांत टाकणे म्हणजे डाग पक्का करणे.

उपकरणावरचा मळ एकाच जातीचा नसतो. त्यात रक्त आणि पेशींची प्रथिने असतात, चरबी असते, शेंबडासारखा चिकट स्राव असतो, हाडाचा भुगा असतो. शिवाय सलाइनमधले मीठ आणि बीटाडिनसारखी औषधेही असतात. दुर्बिणीने आतडे तपासल्यावर त्या नळीत राहिलेला मळ वेगळा आणि हाडाला भोक पाडलेल्या ड्रिलवरचा मळ वेगळा. एकाच द्रावणाने सगळे सारखेच निघेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्यातही वेळ महत्त्वाची. ओला डाग मिनिटात निघतो, वाळलेल्या डागाशी झगडावे लागते. सकाळची पहिली शस्त्रक्रिया संपल्यावर उपकरणे ट्रेमध्ये उघडी पडून राहिली आणि दुपारी यादी संपल्यावर सिंकमध्ये गेली, तर जगातले सर्वांत महाग डिटर्जंटही तोकडे पडते. ती लगेच धुणे शक्य नसेल तर निदान ओलसर ठेवायला हवीत. मात्र त्यासाठी सलाइन वापरू नये. मिठातले क्लोराइड पोलादाला बारीक भोके पाडते.

क्लोरीनच्या टबाची सवय

आपल्याकडे अनेक प्रसूतिगृहांत आणि लहान शस्त्रक्रियागृहांत प्लास्टिकचा एक टब हमखास दिसतो. त्यात अर्धा टक्का क्लोरीनचे पाणी असते. वापरलेली उपकरणे त्यात दहा मिनिटे बुडवायची आणि मग धुवायची, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. हेतू चांगला होता. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्या भीतीच्या काळात, धुणाऱ्याच्या हाताला संसर्ग होऊ नये म्हणून ही पद्धत आली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात मात्र, उपकरणे धुण्याआधी क्लोरीनच्या किंवा इतर कुठल्याही जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवू नयेत, असे सांगितले. कारणे सरळ आहेत. रक्ताशी गाठ पडताच क्लोरीन त्याच्यावरच खर्च होते आणि जंतूंसाठी शिल्लक राहत नाही. पोलाद गंजते. धुणाऱ्याला मात्र वाटते की आता उपकरण सुरक्षित झाले, आणि तो हातमोज्यांबाबत बेफिकीर होतो. त्याचे रक्षण क्लोरीनचा टब करत नाही. जाड रबरी हातमोजे, चेहऱ्यावरची ढाल आणि प्लास्टिकचा एप्रन यांनी ते होते.

कपड्यांची पावडर का नको?

कपडे धुण्याच्या पावडरीने शर्ट पांढराशुभ्र होतो, मग चिमटे का होऊ नयेत? हा प्रश्न अनेक रुग्णालयांत विचारला जातो आणि कित्येक ठिकाणी त्याचे उत्तर न शोधताच पावडर वापरली जाते.

डिटर्जंटचा मूळ घटक म्हणजे दोन स्वभावांचा रेणू. त्याचे डोके पाण्याकडे ओढते, शेपटी तेलाकडे. शेपटी चरबीत रुतते, डोके तिला पाण्याकडे खेचते आणि मळ सुटतो. इथवर घरातली पावडर आणि रुग्णालयातले द्रावण सारखेच आहे. फरक पुढे सुरू होतो. घरगुती पावडरीत धुण्याचा सोडा असतो, वजन वाढवणारे क्षार असतात, सुगंध असतो आणि कपडा उजळ दिसावा म्हणून चकाकी आणणारी रंगद्रव्येही असतात. कपड्यावर राहून जावीत अशीच ही द्रव्ये बनवलेली असतात. शस्त्रक्रियेच्या उपकरणावर काहीही राहून चालत नाही.

शिवाय फेस. आपल्याला फेस म्हणजे स्वच्छता वाटते. पण फेसाने भरलेल्या सिंकमध्ये पाण्याखालचे टोकदार उपकरण दिसत नाही आणि बोटाला टोचते. बारीक नळीत हवेचे बुडबुडे अडकतात आणि तिथे द्रावण पोहोचत नाही. यंत्रात धुताना तर फेस पाण्याच्या फवाऱ्याचा जोरच मारतो. म्हणून उपकरणांसाठीचे डिटर्जंट मुद्दाम कमी फेसाचे करतात. अंगाचा साबण तर मुळीच नको. जड पाण्यातील कॅल्शियमशी त्याची साय धरते आणि ती धातूवर बसते. घासणीची पावडर व तारेची काथ्या पोलादावर ओरखडे पाडतात आणि पुढचा मळ नेमका त्या ओरखड्यांत घर करतो.

चार घराणी

उपकरणांसाठीच्या द्रावणांची ढोबळमानाने चार घराणी आहेत.

पहिले उदासीन डिटर्जंट. आम्ल-अल्कलीच्या मापावर ते सातच्या आसपास असते. बहुतेक सर्व धातू, प्लास्टिक, रबर आणि भिंगे यांना ते मानवते. मळ ओला आणि हलका असेल, तर हाताने धुण्यासाठी ते पुरते.

दुसरे एन्झाइमयुक्त डिटर्जंट. एन्झाइम म्हणजे विकरे. आपल्या पोटात अन्न पचवणारी असतात त्याच जातीची. प्रोटिएज प्रथिने तोडते, लायपेज चरबी आणि अमायलेज पिष्टमय पदार्थ. कल्पना जुनी आहे. ओटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्येच प्राण्यांच्या स्वादुपिंडातील विकरांनी कपडे धुण्याचे पेटंट घेतले होते. जिथे ब्रश पोहोचत नाही अशा नळ्या, सांधे आणि एंडोस्कोपसाठी ही विकरे मोलाची ठरतात. पण त्यांचे नखरे सांभाळावे लागतात. पाणी फार गार असेल तर ती सुस्तावतात, फार गरम असेल तर निकामी होतात. बहुतेक उत्पादनांना कोमट पाणी आणि काही मिनिटांचा अवधी लागतो. नेमके आकडे बाटलीवर दिलेले असतात आणि ते पाळायचे असतात. आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. एन्झाइमयुक्त द्रावण जंतू मारत नाही. सकाळी केलेले द्रावण संध्याकाळपर्यंत वापरले, तर ती प्रथिनांनी भरलेली, कोमट, जंतूंना आवडणारी पेजच होते. म्हणून द्रावण दर वेळी ताजे करावे.

तिसरे अल्कलीयुक्त डिटर्जंट. अल्कली रक्त आणि चरबी दोन्ही झपाट्याने सोडवते. मोठ्या रुग्णालयांच्या धुलाई यंत्रांत ते वापरले जाते. हाताने धुण्यासाठी तीव्र अल्कली धोक्याची आहे, ती त्वचा आणि डोळे भाजते. ॲल्युमिनियमची उपकरणे तिच्यात काळवंडतात, झिजतात.

चौथे आम्लयुक्त द्रावण. हे रोजचे नव्हे. पाण्याच्या क्षारांचे पांढरे थर किंवा गंजाचे डाग काढण्यासाठी ते अधूनमधून वापरतात. रक्त काढायला त्याचा उपयोग नाही.

पोलादाची कातडी

‘स्टेनलेस’ म्हणजे कधीच न गंजणारे, हा समज खोटा आहे. या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. हवेशी संयोग होऊन क्रोमियमचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर पृष्ठभागावर तयार होतो. तीच त्याची कातडी. ती शाबूत असेतो पोलाद टिकते. ब्लीच, मीठ, तीव्र आम्ल आणि ओरखडे ती फाडतात. मग सूक्ष्म खड्डा पडतो, खड्ड्यात मळ बसतो, मळात जंतू. कात्रीच्या सांध्याजवळ तांबूस रेषा दिसली, तर तो केवळ रूपाचा दोष नसतो. त्या उपकरणाची स्वच्छता यापुढे भरवशाची राहिलेली नाही, याची ती खूण असते.

म्हणून डिटर्जंट निवडताना उपकरण बनवणाऱ्याची पुस्तिका उघडणे भाग आहे. कात्रीला चालणारे द्रावण एंडोस्कोपच्या भिंगाच्या जोडाला चालेलच असे नाही.

डोळ्यांचा धडा

एन्झाइमयुक्त द्रावण महाग असते म्हणून तेच सगळीकडे चांगले, असे मानण्याचा मोह होतो. नेत्रशस्त्रक्रियेने हा मोह मोडीत काढला.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांची दृष्टी पहिल्या १२ ते ४८ तासांतच धूसर होते, बुबुळासमोरची पारदर्शक काच सुजते, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दाह दिसतो. जंतुसंसर्ग वाटतो, पण जंतू सापडत नाही. वैद्यकशास्त्रात याला ‘टास’ म्हणतात. डोळ्यात शिरलेल्या एखाद्या विषारी द्रव्याने होणारा हा दाह आहे. वेळीच उपचार झाले तर अनेकांची नजर परत येते. तीव्र दाहात मात्र बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. त्याच्या अनेक कारणांपैकी एक ठळक कारण म्हणजे उपकरणांवर, विशेषतः केसासारख्या बारीक नळ्यांत राहून गेलेला एन्झाइमयुक्त डिटर्जंटचा अंश. ऑटोक्लेव्ह जंतू मारतो, पण तो डिटर्जंट धुऊन काढत नाही.

मोतीबिंदूच्या उपकरणांवर रक्त आणि मांस जवळजवळ नसतेच. असते ती शस्त्रक्रियेत वापरलेली पाकासारखी चिकट जेल, जी वाळली की नळी बंद करते. म्हणून तिथे खरा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया संपताच नळ्यांतून भरपूर शुद्ध पाणी सोडणे. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, डोळ्यांच्या आतल्या शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी एन्झाइमयुक्त डिटर्जंट सरसकट आवश्यक धरू नये, अशीच भूमिका घेतली आहे.

म्हणजे जे द्रव्य पोटाच्या दुर्बिणीला तारते, तेच डोळ्याला बाधू शकते. शिबिरांतून रोज अनेक मोतीबिंदू काढल्या जाणाऱ्या आपल्या देशात हा धडा प्रत्येक नेत्ररुग्णालयाच्या भिंतीवर असायला हवा.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचा धडा आणखी कठोर आहे. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात झुरिकमधील दोन तरुण रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. अपस्माराच्या तपासणीसाठी त्यांच्या मेंदूत ज्या बारीक तारा घातल्या होत्या, त्या आधी क्रॉइट्झफेल्ट-याकोब या असाध्य आजाराच्या रुग्णासाठी वापरलेल्या होत्या. मधल्या काळात त्या अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेने ‘निर्जंतुक’ केल्या होत्या. दोघांनाही तो आजार जडला. हा आजार जंतूचा नव्हे, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाचा. प्रथिने पक्की करणारी रसायने इथे उलटीच ठरली. आज अशा संशयित रुग्णाच्या उपकरणांसाठी वेगळी नियमावली आहे, आणि ती उपकरणे वाळू न देणे हा तिचा पहिला पाठ आहे.

पाणी, वेळ आणि हात

हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये धुण्याचे चार घटक मांडले: रसायन, घर्षण, तापमान आणि वेळ. एक कमी पडला तर बाकीच्यांनी भरून काढावा लागतो. डिटर्जंट कितीही चांगले असले, तरी ते या चौघांपैकी एकच आहे.

या चौघांना धरून ठेवणारे पाचवे म्हणजे पाणी. महाराष्ट्रात बऱ्याच गावांची रुग्णालये बोअरवेलवर चालतात आणि त्यांपैकी अनेकांचे पाणी जड असते. स्वयंपाकघरातल्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल, तर तोच थर उपकरणांच्या सांध्यांतही धरतो. जड पाण्यात डिटर्जंटची बरीच ताकद क्षारांशी झगडण्यातच जाते. क्षारांना बांधून ठेवणारे घटक असलेले द्रावण अशा ठिकाणी निवडावे लागते, आणि शेवटचे खंगाळणे तरी आरओच्या किंवा क्षार काढलेल्या पाण्याने करावे लागते. त्यानंतर उपकरण कोरडे करायला हवे. ओल्या उपकरणावर जंतू पुन्हा वाढतात आणि रसायनात टाकले तर ते रसायन पातळ होते.

माप हा आणखी एक कच्चा दुवा. ‘दोन झाकणे टाका’ हे माप नव्हे. द्रावण पातळ झाले तर मळ निघत नाही, दाट झाले तर अंश मागे राहतो. सिंकच्या आत पाच लिटर किंवा दहा लिटर पाण्याची रेघ आखली आणि शेजारी मापाचा कप ठेवला, तर हा प्रश्न दहा रुपयांत सुटतो.

आणि शेवटी हात. आपल्या रुग्णालयांत हे काम करणारे मामा आणि मावशी, ओटीतले सहायक, रात्रपाळीच्या सिस्टर यांना कोणते द्रावण कशासाठी, हे क्वचितच कोणी बसवून सांगते. त्यांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. १९६९ मध्ये ब्रिटनमधील डिटर्जंट कारखान्यातल्या कामगारांना एन्झाइमच्या धुळीमुळे दमा होत असल्याचे पुढे आले. त्यानंतर कारखान्यांतले धुळीवरचे नियंत्रण कडक झाले. रुग्णालयातही एन्झाइमचे द्रावण फवारू नये आणि घासणे पाण्याखाली करावे, म्हणजे तुषार श्वासात जात नाहीत. हवा खेळती असावी. कामावर आल्यावरच खोकला किंवा धाप सुरू होत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नये.

स्वस्त म्हणजे काय?

खरेदीत सर्वांत कमी दर भरणाऱ्याची निविदा मंजूर होते. पण डिटर्जंटचा बाटलीवरचा दर फसवा असतो. हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. एक द्रावण ३०० रुपये लिटर आहे आणि एक लिटर पाण्यात त्याचे २० मिलिलिटर टाकावे लागते. दुसरे ६०० रुपये लिटर आहे, पण त्याचे ५ मिलिलिटर पुरते. वापरायच्या एका लिटरचा खर्च पहिल्यात ६ रुपये येतो आणि दुसऱ्यात ३. कागदावर दुप्पट महाग दिसणारे द्रावण प्रत्यक्षात निम्म्या खर्चाचे निघते. त्यात गंजून बाद होणारी उपकरणे आणि वाहत्या जखमेवर महिनोन्‌महिने चालणारी औषधे धरली, तर हिशेब आणखी बदलतो.

त्यामुळे निविदेत ‘दर प्रति लिटर’ ऐवजी ‘वापरायच्या द्रावणाचा दर प्रति लिटर’ मागावा, आणि खरेदीआधी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत:

- हे द्रावण हाताने धुण्यासाठी आहे, अल्ट्रासोनिक यंत्रासाठी की धुलाई यंत्रासाठी?
- आम्ल-अल्कलीचे माप किती? कोणत्या धातूंना आणि साहित्याला चालत नाही?
- किती प्रमाणात, किती तापमानाला, किती वेळ?
- फेस किती होतो आणि पूर्ण धुऊन निघण्यासाठी किती पाणी लागते?
- आपल्या पाण्याच्या जडपणात ते काम करते का?
- उघडल्यावर बाटली किती दिवस चालते आणि कुठे ठेवायची?

धुतलेले खरोखर स्वच्छ झाले का, हेही तपासता येते. चांगला उजेड आणि भिंग ही पहिली दोन साधने, आणि ती तालुक्याच्या रुग्णालयालाही परवडतात. सांधा उघडून, दाते पाहून, नळीतून पाणी सोडून बघायचे. त्यापुढे रक्ताचे किंवा प्रथिनांचे अंश रंग बदलून दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात. अशी तपासणी महिन्यातून काही ठरावीक उपकरणांवर केली, तरी कोणते डिटर्जंट आपल्याकडे चालते आणि कोणते नुसतेच चांगला वास देते, हे स्वतःच्या डोळ्यांनी कळते.

रुग्णानेही यात मागे राहण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेआधी आपण डॉक्टरांची पदवी विचारतो, खोली एसी आहे का ते विचारतो, पॅकेजमध्ये काय काय धरले आहे ते विचारतो. ‘दुर्बिणीची उपकरणे दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये उघडून धुतात का आणि ऑटोक्लेव्ह करतात की नुसती औषधात बुडवतात?’ हा प्रश्न विचारण्यात आगाऊपणा काहीच नाही. चांगल्या रुग्णालयाला त्याचे उत्तर देताना अभिमानच वाटेल. आणि शस्त्रक्रियेनंतर महिन्या-दीड महिन्याने व्रणाशी गाठ आली किंवा पाणी येऊ लागले, तर घरगुती लेप लावत न बसता त्याच शल्यचिकित्सकाला दाखवावे आणि या खास जंतूंची तपासणी करावी का, असे स्पष्ट विचारावे. निदान जितके लवकर होईल, तितका औषधांचा पल्ला कमी.